रणगाड्यांची इर्जिक

दूरदेशी युद्ध सुरू झालं आणि आमच्या गावात त्याची पहिली झळ माझ्या संध्याकाळच्या चहाला बसली.

बसथांब्याजवळच्या हॉटेलात मी रोज दिवेलागणीला एक कट चहा घेतो. हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड, दोन बाकं आणि एक टीव्ही. त्या टीव्हीवर पूर्वी क्रिकेट चालायचं, आता रणगाडे धावायला लागले. अमक्या देशाने रणगाडे जाहीर केले, तमका देश विचार करतोय, तिसऱ्याने आधी हो म्हटलं आणि मग नाही म्हटलं. मंडळी भजी खाता खाता हे सगळं बघायची आणि मग माझ्याकडे वळायची, कारण मी फौजेतून आलोय, तेही रणगाड्यांच्या पलटणीतून. हे युद्ध लांबत होतं त्याला गावात जबाबदार माणूस मीच होतो.

खरं सांगायचं तर मी रणगाडा कधी लढवला नाही. मी वर्कशॉपवाला. लोक रणगाड्यावर बसून फोटो काढतात, मी सारी नोकरी रणगाड्याखाली उताणा पडून काढली. तोंडावर तेल गळायचं आणि वरून कुणीतरी विचारायचं, "झालं का?" शेवटी सुभेदार होऊन घरी आलो. गावाने मात्र ठरवून टाकलंय की मी तोफ डागायचो, आणि मीही आता त्यावर फार वाद घालत नाही.

हॉटेलवाला सगळ्यात उतावळा. तो झारा हवेत धरून म्हणायचा, "फौजी, द्यानं शे तं दी टाका ना टँक. आठ दिनमा लढाई खलास."

इथे माझं डोकं फिरायचं. माझा स्वभाव तसा तापटच, त्यात हा विषय माझ्या पोटापाण्याचा. मी सांगायचो की बाबांनो, रणगाडा म्हणजे म्हैस नव्हे, दोर धरून एका गोठ्यातून सोडली आणि दुसऱ्या गोठ्यात बांधली. त्याचं वजन पेलणारा पूल पाहिजे. तो रस्त्याने चालत गेला तर रस्त्याची वाट लावतो आणि स्वतःच्या पट्ट्यांचीही, म्हणून त्याला वाहून न्यायला वेगळी गाडी पाहिजे, रेल्वेचा वेगळा डबा पाहिजे. एका देशाच्या तोफेत दुसऱ्या देशाचा गोळा बसत नाही. एकाचं ऑइल दुसऱ्याला चालत नाही. फिल्टर वेगळे, पट्ट्यांचे रबर वेगळे, आतल्या पाट्यांवरची भाषासुद्धा वेगळी. जो कालपर्यंत दुसराच रणगाडा चालवत होता त्याला हे सगळं नव्याने शिकायचं, आणि ते लढाई चालू असताना. बंद पडला तर ओढून आणायला त्याच वजनाचं दुसरं धूड पाहिजे. मोठं दुखणं निघालं तर दुरुस्तीला पुन्हा सरहद्दीपलीकडे धाडायचा. आणि असे पाच देशांनी पाच जातीचे थोडे थोडे दिले, की त्या बिचाऱ्या वर्कशॉपवाल्याने काय करायचं?

माझ्या मते हे बोलणं मुद्देसूद होतं. मंडळी शांतपणे ऐकून घ्यायची. मग हॉटेलवाला कढईत पुढची भजी सोडत म्हणायचा, "तू नको म्हनस म्हनीसन लढाई लांबी ऱ्हायनी, फौजी."

एकदा मी त्यांना माझी स्वतःची हकीकतही सांगितली. उमेदवारीच्या काळात आमच्याकडे परदेशी बनावटीचे रणगाडे होते. सरहद्दीवर वातावरण तापलं होतं आणि आम्ही वाळवंटात तळ टाकून होतो. एक रणगाडा एका रबरी कड्यासाठी उभा. कडं म्हणजे बायकांच्या पाटलीएवढं, पण ते गेलं की तेल थांबत नाही आणि तेल नाही तर रणगाडा म्हणजे लोखंडी खोली. मागणी गेली. साहेब रोज विचारायचे, आमचे उस्ताद रोज "येतंय साहेब" म्हणायचे. शेवटी एक लाकडी खोकं आलं. परदेशी शिक्के, आत पेंढा, त्याला कसला तरी थंड वास. आम्ही सगळे भोवती जमलो. उस्तादांनी पहारीने झाकण उचकटलं, तर आत रणगाड्याच्या खोलीत लावायचे हीटर. ज्या देशात तो रणगाडा बनला होता तिथे बर्फ पडायचं. आम्ही जेठाच्या उन्हात उभे होतो आणि रणगाड्याच्या पत्र्यावर हात ठेवला तर फोड येत होता. उस्ताद वाळूत बसून हसायला लागले. मग त्यांनी ट्रकची जुनी ट्यूब मागवली, कात्रीने गोल कापली आणि ते कडं म्हणून बसवलं. चाललं थोडे दिवस. ही गोष्ट वर कुणाला सांगायची नाही असं ठरलं होतं.

हॉटेलात ही गोष्ट फार आवडली. पण त्यातून मंडळींनी धडा काय घेतला, तर ट्यूब कापून काम होतं, मग तिकडे उशीर का लागतोय. मी चहा पिऊन घरी आलो.

त्या वर्षी पाऊस दसऱ्यानंतरही रेंगाळला. काळ्या जमिनीत पाय ठेववत नव्हता. कोजागिरी गेली, ऊन पडलं, आणि एका सकाळी माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला. आक्का नाल्यापलीकडच्या गावात दिलेली आहे. तीन-चार मैलांचं अंतर, पण नाला मध्ये असल्यामुळे दोन्ही गावांना एकमेकांविषयी परराष्ट्रासारखाच संशय.

"बापू," ती म्हणाली, "वापसा उना. वावर तशेच पडेल शे."

वापसा आला, हे दोन शब्द ज्याला कळले त्याला सगळं कळलं. वापसा म्हणजे जमिनीत पेरणीजोगी ओल राहण्याचे मोजके दिवस. ते गेले की माती दगड होते आणि कोरडवाहू हरबरा पेरायची सोय राहत नाही. आणि आक्काचं वावर, म्हणजे शेत, पडलेलं होतं, कारण उन्हाळ्यात भाऊजी गेले. आजारपणात त्यांचा ट्रॅक्टर विकला गेला होता, खरिपात पेरायला कुणाचं मन नव्हतं, भाची नाशिकला नोकरीला. पावसाळाभर त्या वावरात गवत वाढलं आणि गवताबरोबर तिच्या दिराचा धीरही.

दीर तसा वाईट माणूस नव्हे. त्याला फक्त भावाचं वावर स्वतःच्या वावराला लागून आहे याचा विसर पडत नसे. तो चारचौघांत म्हणाला होता की वहिनींनी रब्बी पेरली तर आनंद आहे, नाही पेरली तर वावर मला बटाईने द्यावं, निम्मं पीक मी घरपोच करीन. ऐकायला यात काही वावगं नाही. पण भाऊबंदकीत बटाईने गेलेलं वावर परत आलेलं मी पाहिलेलं नाही, आणि आक्कानेही पाहिलेलं नव्हतं. ती तिथेच सगळ्यांसमोर म्हणाली होती, "मी पेरसू." आता पेरायची वेळ आली होती आणि त्या गावात पेरणीयंत्र भाड्याने देणारा माणूस एकच होता, तिचा दीर.

त्या संध्याकाळी मी चहा घेताना गप्प होतो. टीव्हीवर रणगाडे चालले होते, पण मी त्यांच्यावर काही बोललो नाही, तेव्हा मंडळींना काळजी वाटली. कारण विचारलं, मी सांगितलं. हॉटेलवाल्याने झारा खाली ठेवला.

"त्यामा काय शे?" तो म्हणाला. "इर्जिक घालूत. मन्हं ट्रॅक्टर लई जा."

इर्जिक आता आमच्याकडेही कमीच होते. पूर्वी ज्याचं काम अडलं असेल त्याच्या वावरात गावाने आपापल्या बैलजोड्या घेऊन उतरायचं, दिवसात काम उरकायचं आणि यजमानाच्या घरी पोटभर जेवायचं. मजुरी द्यायची नाही, मागायची नाही. बैलाला चारा यजमानाचा, माणसाला जेवण यजमानाचं. काम सुरू व्हायच्या आधी यजमानीण बैलांना कुंकू लावते, आणि कुंकू लागलेली जोडी काम केल्याशिवाय कुणी परत नेत नाही. एक गोष्ट मात्र कडक: इर्जिकीला आलेली जोडी परत पाठवायची नाही, मग ती लंगडी का असेना. तो त्या माणसाचा अपमान.

बाकावर बसलेल्यांपैकी कुणी मागे राहिलं नाही. रोज रात्री परक्या देशाला रणगाडे धाडण्याची सवय झालेली माणसं ती, ट्रॅक्टर धाडायला त्यांना कितीसा वेळ लागणार. याने लाल दिला, त्याने निळा, तिसऱ्याने हिरवा, चौथ्याचे साडू जवळच्या खापर गावात असतात त्यांचा एक. हॉटेलवाल्याने स्वतःचा जुना राखाडी जाहीर केला, ज्याच्यावर कोंबड्या बसलेल्या मी रोज पाहायचो. माझे डोळे भरून आले. मी आक्काला फोन करून सांगितलं की काळजी करू नको, उद्या पाच ट्रॅक्टर येतात. तिने विचारलं, "पेरनीयंत्र किती येतस?" मी म्हटलं येतील की. इतक्या उमाळ्याच्या वेळी तिला हे सुचावं याचं मला जरा वाईटच वाटलं.

सकाळी नाल्याकाठी उभा राहिलो आणि माझ्या डोळ्यांसमोर माझी सारी नोकरी उलगडत गेली.

वापसा एकट्या आक्काच्या वावरात आलेला नव्हता, तो सगळ्यांच्याच वावरात आला होता. त्यामुळे ज्याच्याकडे दोन ट्रॅक्टर होते त्याने चांगला घरी ठेवून दुसरा पाठवला होता. ज्याच्याकडे चालक होता त्याला स्वतःच्या वावरात गुंतवलं होतं. मागून घरच्या कुणाला मोटारसायकल आणायला लावून मालक ट्रॅक्टर घेऊन आले, किल्ली माझ्या हातात ठेवली, पाठीवर थाप मारली आणि निघाले. जाताना प्रत्येकाने सूचना दिल्या. "क्लच जपीसन सोडजो." "दुसरा गेर पडस नही, तिसराच टाकजो." "ब्रेक उजवाच लागस, डावाना भरवसा नही." रणगाडे आले होते, पण चालवणारे नव्हते, आणि माहितीपुस्तक तोंडी होतं.

डिझेलचंही तसंच. इर्जिकीत बैलाचा चारा यजमानाचा असतो, तेव्हा ट्रॅक्टरचं डिझेलही यजमानाचं हे ओघानेच आलं. सगळ्यांनी रीत इतकी काटेकोर पाळली होती की एकाच्याही टाकीत वाफेपलीकडे काही नव्हतं.

हिरवा ट्रॅक्टर सगळ्यात दांडगा, गावाची शान. पण नाल्यावरच्या फरशीची, म्हणजे ठेंगण्या पुलाची, एक कड पावसाने खचली होती आणि त्याची मागची चाकं त्या फरशीवर मावेनात. वळसा घालून आणायचा तर निम्मा दिवस गेला असता. परत पाठवायचा तर मालकाचा अपमान. मी तो नाल्याच्या अलीकडेच उभा करून ठेवला आणि मालकाला फोनवर सांगितलं की तुमचा ट्रॅक्टर राखीव आहे. फौजी शब्द ऐकून तो खूश झाला. राखाडी ट्रॅक्टर सुरू होण्यासाठी उतार लागायचा. तो उतारावरून नाल्यात उतरताना सुरू झाला आणि चढावर बंद पडला, आणि तिथे त्याने वाट अडवली. मग निळ्याने राखाडीला ओढायचं, तर निळ्याचा हूक वेगळा आणि साखळी आखूड. मी रणगाड्याखाली इतकी वर्षं काढली, पण इतक्या कमी जागेत इतक्या अडचणी एकत्र पाहिल्या नव्हत्या.

तरी लाल, निळा आणि खापरवाला आधीच पार झाले होते; लालने रोटाव्हेटर ओढला आणि दहा-साडेदहापर्यंत वावरातलं सगळं गवत मातीत गेलं. लाल मीच चालवत होतो. आक्का बांधावरच्या निंबाखाली गोवऱ्या पेटवून बट्ट्या भाजण्याच्या तयारीत होती. तिच्याबरोबर गल्लीतल्या दोघी, एक मोठं पातेलं वरणाचं, एक वांग्याच्या भाजीचं. ती अधूनमधून मान वर करून मोजल्यासारखी बघायची आणि पुन्हा पीठ मळायला लागायची.

आता पेरणी. पेरणीयंत्र एकच आलं होतं, आणि ते ज्या ट्रॅक्टरचं होतं तो ट्रॅक्टर मालकाने घरी ठेवला होता. आमच्याकडे तोफ होती आणि गोळा होता, एकमेकांचे नव्हते. यंत्राच्या पिना बारीक, लालच्या जोडाची भोकं मोठी. यंत्र लावलं की ते डावीउजवीकडे झुलायचं आणि ओळी सापासारख्या जायच्या. खापरवाल्या ट्रॅक्टरला ते नीट बसलं, पण त्याचं हायड्रॉलिक यंत्र उचलायचं आणि मग खाली सोडायला तयार व्हायचं नाही. मी त्याची खूप मनधरणी केली. शेवटी शिव्या दिल्या, त्याही त्याने उचलून धरल्या.

मग मोटारसायकल काढली आणि अक्कलकुवा गाठलं. हायवेला एका राजस्थानी शेठचं सुट्या भागांचं दुकान आहे. त्याने पिन हातात घेतली, चष्म्यातून पाहिली आणि विचारलं, कुठल्या कंपनीचा ट्रॅक्टर. मी सांगितलं. कुठल्या कंपनीचं यंत्र. मी तेही सांगितलं. त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. "ये दोनो का मेल नही है साब," तो म्हणाला. मला हे वाक्य फ्रेम करून हॉटेलात लावावंसं वाटलं. मागच्या बाजूच्या लेथवाल्याकडून मी जाड पाइपाचे तुकडे कापून बुश करून घेतले, म्हणजे पिनेवर चढवायची नळी. ट्यूबचं कडं कापणारे उस्ताद असते तर त्यांना बरं वाटलं असतं.

बुश खिशात घालून परतलो, तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता आणि बांधावर आक्काचा दीर उभा होता.

त्याच्या मागे त्याचा ट्रॅक्टर. धुतलेला, टाकी भरलेली, त्याच्याच मापाचं पेरणीयंत्र जोडलेलं, पेटीत बियाणं टाकायचंच काय ते बाकी. सीटवरून तो स्वतः उतरला होता, चालक आणला नव्हता. नाल्यात अडकलेला राखाडी, पलीकडे राखीव हिरवा, यंत्र वर धरून रुसलेला खापरवाला, हे सगळं त्याने डोळे भरून पाहून घेतलं होतं.

"वहिनी," तो म्हणाला, "काबर एवढा तरास? मन्हं यंत्र उभं शे. पेरी टाकसू."

माझं टाळकं सरकलं. लढाईत मदतीला आलेल्या रणगाड्याबरोबर अटीही येतात. इथे वापरा, तिथे वापरू नका, आम्हाला विचारल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नका. ज्याला गरज असते तो सगळ्याला हो म्हणतो आणि मग त्याची लढाई त्याची राहत नाही. दिराने अट तोंडाने काढली नव्हती. पण संध्याकाळी तो चावडीवर काय म्हणेल ते मला आत्ताच ऐकू येत होतं: वहिनींच्याने झालं नाही, शेवटी मलाच पेरावं लागलं. आणि जो पेरतो तोच कसतो, हे सगळं गाव मान्य करेल.

मी आक्काला निंबामागे नेलं. म्हटलं, बुश आणलेत, अर्ध्या तासात लाल तयार होतो, संध्याकाळ झाली तरी आपण उरकू. याचं यंत्र वावरात घेऊ नको.

"हाऊ फुकट नही पेरस, आक्का."

"मले ठाऊक शे," ती म्हणाली. "तू तुन्हा पाना धर."

मला राग आला. दिवसभर मी तिच्यासाठी ग्रीसमध्ये लडबडलोय आणि ही मला पाना धर म्हणते. पण ती तोवर पुढे गेली होती. तिने पदर खोचला, कुंकवाचं ताट उचललं आणि सरळ दिराच्या ट्रॅक्टरपाशी गेली. सकाळी तिने लालला, निळ्याला, खापरवाल्याला कुंकू लावलं होतं. राखाडीला नाल्यात उतरून लावलं होतं. हिरव्यासाठी फरशी ओलांडून गेली होती. तसंच तिने दिराच्या ट्रॅक्टरच्या बोनेटला कुंकू लावलं, चाकाला पाणी घातलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बरं झायं नाना, तुम्ही बी इर्जिकमा उनात."

दीर थांबला. तो पेरून द्यायला आला होता, इर्जिकीला आला नव्हता. पण कुंकू लागलेली जोडी बांधावरून परत नेणं त्यालाही शक्य नव्हतं. तो पुन्हा सीटवर चढला.

मी बुश चढवले. लाल एका कडेने आणि दिराचा दुसऱ्या कडेने, अशी पेरणी सुरू झाली. त्याच्या ओळी दोरीत होत्या, माझ्या जरा मोकळ्या स्वभावाच्या. तो वळणावर माझ्याकडे बघून हसायचा. मी वर्कशॉपवाला आहे, चालक नाही, हे त्याला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण दोन यंत्रं चालली की काम भराभर आटपतं, आणि दिवस मावळायच्या आत वावर काळंभोर, सारखं, पेरलेलं समोर होतं. बरेच महिने गवताखाली असलेली ती माती पाहून मी ट्रॅक्टरवरच रडलो. धूळ फार उडत होती, कुणाच्या लक्षात आलं नाही.

तेवढ्यात आपापली पेरणी उरकून आमच्या गावची मंडळी मोटारसायकलींवरून आली. हॉटेलवाला आधी नाल्यात आपला राखाडी पाहून आला आणि म्हणाला की गाडीला थोडा सराव कमी पडला. निंबाखाली पंगत मांडली. बट्ट्यांचा खमंग वास सुटला होता, वर तूप, वरण, वांग्याची भाजी. दिराच्या गावचीही चार जाणती माणसं आक्काने बोलावलेली दिसली. त्यांना निरोप कधी गेला हे मला कळलंच नव्हतं.

दीर ट्रॅक्टर सुरू करत होता.

"नाना, हात धवा," आक्का म्हणाली.

"घर सयपाक व्हई जायेल शे, वहिनी."

ती ट्रॅक्टरच्या पुढे जाऊन उभी राहिली. हातात पाण्याचा तांब्या. "इर्जिकना मानूस उपाशी जास नही, नाना."

मग माझ्याही डोक्यात उजेड पडला, जरा उशिराच. इर्जिकीचं जेवण जो जेवला तो मदतीला आलेला माणूस. ज्याच्या वावरात जेवला तो यजमान. हे सगळ्या पंगतीला माहीत होतं, त्या चार जाणत्यांना माहीत होतं, आणि सगळ्यात जास्त दिराला माहीत होतं. जेवला, तर वावर कुणाचं हे त्याच्याच तोंडाने ठरत होतं. न जेवता गेला, तर मेलेल्या भावाच्या घरचं अन्न नाकारल्यासारखं झालं असतं, आणि तेवढा तो वाईट नव्हता.

त्याने इंजिन बंद केलं. उतरला, हात धुतले, आणि हॉटेलवाल्याशेजारी मांडी घालून बसला. आक्काने स्वतः वाढलं. त्याने बट्टी चुरली, वरण ओतलं, आणि पहिला घास घेताना क्षणभर त्या वावराकडे पाहिलं. दुसरी बट्टी त्याने मागून घेतली. मला त्याचा आलेला राग तिथेच ओसरला, कारण आक्काच्या हातच्या बट्टीला नाही म्हणणं माझ्याच्याने कधी जमलेलं नाही. हॉटेलवाला त्याला परदेशी रणगाडे का पोचत नाहीत ते समजावून सांगत होता, माझे सगळे मुद्दे, माझ्याच क्रमाने, स्वतःचे म्हणून. मी आणखी एक बट्टी चुरली.

जेवणं झाली. इर्जिकीचा माणूस यजमानिणीचा निरोप घेतल्याशिवाय उठत नाही. एकेक जण आक्कापुढे येऊन निघू का म्हणत होता, ती गुळाचा खडा हातावर ठेवत होती. दीर सगळ्यांच्या शेवटी आला.

"मंग वहिनी, निंघू का?"

"निंघा नाना," आक्का गूळ देत म्हणाली. "आक्खं वावर पेराई गयं. आते पीक राखाना वखतले तुम्हले निरोप धाडसू."

त्याने गूळ तोंडात टाकला, चप्पल पायात सरकवली, आणि चार जाणत्यांच्या देखत म्हणाला, "धाडा."